धावत्या इंजिनाला गंज चढवताना: चिपिंग फ्लुइड, एनॅमल वॉश आणि पिगमेंटची पारख

रणगाड्याचे मॉडेल पूर्ण झाले की काचेच्या कपाटात जाऊन बसते. रेल्वेच्या मॉडेल इंजिनाचे तसे नसते. ते रुळावर धावते, वळणावर त्याच्या बोगी (चाके धरणारे खालचे सांगाडे) डावी-उजवीकडे फिरतात, हाताने उचलले जाते, आतली मोटर तापते. वेदरिंगसाठी, म्हणजे मॉडेल जुने-मळके दाखवण्यासाठी, मिळणारी नावाजलेली उत्पादने मात्र मुख्यतः १:३५ च्या रणगाड्यांचा विचार करून बनवलेली आहेत. त्यात जग कोसळल्यानंतरचे, पत्रे ठोकून चिलखत चढवलेले इंजिन करायचे म्हटले की सगळ्या बाटल्या एकदम उघडायचा मोह होतो. म्हणून इथली पारख दोनच कसोट्यांवर केली आहे: १:८७ ला, म्हणजे एचओ स्केलला, ते शोभते का, आणि इंजिन धावल्यावर ते जागेवर राहते का.

पारखलेला माल असा: एके इंटरॅक्टिव्हचे वॉर्न इफेक्ट्स आणि हेवी चिपिंग (रंगाचे टवके काढणारी द्रवे), त्यांचेच स्ट्रीकिंग ग्राइम, वायेहोचे पिगमेंट (रंगाची भुकटी) आणि तामियाचे वेदरिंग मास्टर. पाया म्हणून बाखमनचे एचओ जीपी४० धरले आहे. मूळ जीपी४० डिझेल इंजिन ईएमडी या अमेरिकी कंपनीने १९६५ ते १९७१ या काळात बनवले. ३००० अश्वशक्ती, टर्बोचार्जर, मागच्या छपरावर ओळीने तीन मोठे पंखे. मॉडेलमध्ये लांबी साधारण २०७ मिमी भरते. प्रलयोत्तर शैलीला हे इंजिन चांगले, कारण हूडच्या (यंत्रावरच्या लांब झाकणाच्या) लांब सपाट बाजू म्हणजे गंजासाठी मोकळी पाटी, आणि चारही बाजूंनी फिरणारा पायवाटेचा कठडा म्हणजे पत्रे टांगायला तयार सांगाडा. वाफेच्या इंजिनावर दांडे आणि क्रँक हलत असतात, तिथे हा सगळा खेळ दुप्पट जोखमीचा होतो.

रंगाआधी एक गोष्ट ठरवावी: हे इंजिन मेलेले आहे की वापरात? बोलिव्हियातल्या उयुनीजवळच्या रेल्वे स्मशानातली वाफेची इंजिने सुमारे ३६५० मीटर उंचीवर, मिठागरावरून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्यात कुजत पडली आहेत. त्यांचे फोटो संदर्भ म्हणून सगळेच वापरतात. पण ती मेलेली इंजिने आहेत: भाग काढून नेलेले, चाकेसुद्धा गंजलेली. तुमचे मॉडेल धावणार असेल तर त्याच्या चाकांची कड चकचकीत असणार, कपलरचा (डबे जोडणाऱ्या आकड्याचा) जबडा घासून उजळलेला असणार, पायऱ्यांचा आणि दांड्यांचा रंग हाताने झिजलेला असणार, धुराड्याभोवती काजळी ताजी असणार. गंज बाकी अंगावर. हा भेद पाळला नाही तर कितीही महागडी बाटली आणा, इंजिन चॉकलेटचे दिसते.

चिलखत आणि जाळी

पत्र्यांसाठी ०.२५ मिमीचे प्लॅस्टिक शीट घ्यावे. १:८७ मध्ये त्याची जाडी जवळपास २२ मिमी होते, म्हणजे खऱ्या जाड पोलादी पत्र्याइतकी. सर्रास वापरले जाणारे ०.५ मिमीचे शीट ४३ मिमी होते. तेवढे चिलखत लढाऊ जहाजावर शोभेल, भंगारातून उचलून ठोकलेल्या पत्र्यावर नाही. घरात ०.५ चेच असेल तर कडा मागून तिरप्या तासाव्यात, समोरून ते पातळ दिसते. ठोकळ्याने मोजून समान पत्रे कापू नयेत. एक लांब, एक आखूड, एक उलटा, एक मध्येच वाकलेला. वाकवायचा असेल तर खूप गरम पाण्यात धरून पेन्सिलीवर वळवावा.

जाळीसाठी चहाच्या बारीक स्टील गाळणीची जाळी दिसायला अगदी अचूक बसते. पण ती धातूची आहे, आणि बऱ्याच एचओ इंजिनांत चॅसिसचा धातू किंवा बोगीतल्या पट्ट्या रुळाच्या करंटला जोडलेल्या असतात. जाळीचे टोक आत वळून दोन्ही बाजूंच्या धातूला टेकले की शॉर्ट. त्यामुळे जाळी नेहमी कवचाच्या बाहेरच्या बाजूला, कडा सुपरग्लूने बंद करून, आणि आतल्या बाजूने कॅप्टॉन टेप (वीज न वाहणारी) लावूनच बसवावी. केबिनच्या खिडक्यांवर लावायला जाळीच हवी असा हट्ट नसेल तर पायमोज्याच्या नायलॉन जाळीवर प्रायमर मारून चालते. शॉर्टची भानगडच नाही.

पुढच्या नांगराच्या (रुळावरचे अडथळे सारणाऱ्या पात्याच्या) बाबतीत सगळ्यात जास्त गडबड होते. नांगर रुळाच्या माथ्यापासून किमान १.५ मिमी वर हवा, नाहीतर टर्नआउटच्या (रूळ बदलायच्या जागेच्या) फ्रॉगवर आणि गार्ड रेलवर अडकतो. कपलरची उंची एचओमध्ये रुळापासून साधारण १० मिमी. ती केडी या कपलर कंपनीच्या २०५ क्रमांकाच्या गेजवर तपासता येते. नांगर चिकटवल्यावर कपलर डावी-उजवीकडे मोकळा फिरतो का, हे १८ इंच त्रिज्येच्या वळणावर डबा जोडून बघावे, रंग देण्याआधी. बाजूचे झालर-पत्रे बोगीच्या वरच्या कडेखाली उतरवले तर सरळ रुळावर काही कळत नाही, वळणावर मात्र बोगी पत्र्याला टेकते आणि आतले चाक उचलले जाते. पंखे आणि ग्रिल आतून पुट्टीने भरू नयेत. डिजिटल नियंत्रणाचा डीसीसी डिकोडर असेल तर त्याची उष्णता जायला जागा लागते.

कठड्याचे दांडे बऱ्याच मॉडेलांत लवचिक एसिटल प्लॅस्टिकचे येतात. त्यावर रंग धरत नाही, वाकवला की पापुद्रे निघतात. वेदरिंगच्या कोणत्याही बाटलीचा त्यात दोष नाही. ०.४ मिमीच्या पितळी तारेचे दांडे करून घ्यावेत. दोन-चार मुद्दाम वाकडे, एखादा तुटलेला. प्रलयानंतर कठडा सरळ राहिला असेल असे कोणी मानत नाही.

वॉर्न इफेक्ट्स की हेवी चिपिंग?

दोन्ही पाण्यावर आधारित, ३५ मिलीच्या बाटलीत. तत्त्व एकच: गंजाच्या थरावर हे द्रव मारायचे, वर अ‍ॅक्रिलिक रंग द्यायचा, मग पाण्याने ओले करून घासले की खालचा थर विरघळतो आणि वरचा रंग टवके होऊन निघतो. वॉर्नने बारीक ओरखडे येतात, हेवीने मोठे टवके. प्रलयोत्तर शैली म्हटल्यावर हात आपोआप हेवीकडे जातो, आणि तिथेच एचओवाला चुकतो. मॉडेलवरचा १ मिमीचा टवका १:३५ ला ३५ मिमीचा, १:८७ ला ८७ मिमीचा. म्हणजे रणगाड्यावर तळहाताच्या मध्यभागाएवढा दिसणारा टवका इंजिनावर पूर्ण तळहाताएवढा होतो. तसे टवके पाच-सहा ठिकाणी असले तर भयंकर छान. हूडच्या अख्ख्या लांबीवर असले तर स्केलच हरवते.

एचओसाठी एकच बाटली घ्यायची तर वॉर्न इफेक्ट्स घ्यावी. हेवी हे ओ स्केल आणि त्याहून मोठ्या इंजिनांसाठी ठीक. ज्यांच्याकडे आधीच हेवी आहे त्यांनी ते एकाच अतिपातळ थरात मारावे. परिणाम बराचसा वॉर्नच्या जवळ जातो.

पद्धत अशी. कवच चॅसिसवरून उतरवावे. या वर्गातल्या बऱ्याच डिझेलांत कपलरच्या पेटीचे स्क्रू सोडवले की कवच सैल होते. काचा आणि दिव्यांच्या लेन्स काढाव्यात, नाही निघाल्या तर मास्किंग फ्लुइडने झाकाव्यात. भांडी घासायच्या साबणाने धुऊन वाळवावे. राखाडी प्रायमर. त्यावर गंजाचा पाया: तामिया एक्सएफ-९ हल रेडचे ३ भाग, एक्सएफ-१ काळ्याचा १ भाग. हा जुना, काळपट गंज. मग एक्सएफ-६४ रेड ब्राऊन स्पंजाच्या फाटक्या तुकड्याने ठिपके-ठिपके. शेवटी नारिंगी, तोही एकूण जागेच्या दहाव्या हिश्शापेक्षा कमी आणि फक्त पाणी साचेल तिथे: पत्र्याच्या खालच्या कडा, रिव्हेटच्या ओळी, पायऱ्यांचे कोपरे. ताजा गंज नारिंगी असतो, जुना तपकिरी-काळा. सगळीकडे नारिंगी ओतणारे मॉडेल कालच पावसात ठेवल्यासारखे दिसते.

या पायावर लॅकर वार्निश मारून तो रात्रभर वाळू द्यावा. ही पायरी गाळली तर घासताना टवका गंजावर थांबत नाही, थेट राखाडी प्रायमरपर्यंत जातो. मग चिपिंग फ्लुइड, पातळ न करता, १५ ते २० पीएसआयवर, दोन हलके थर, ०.३ मिमी नोझल चालते. जाड थर दिला तर वरच्या रंगाला वाळताना भेगा पडतात. वीस मिनिटे वाळल्यावर वरचा रंग.

वरच्या रंगावर सगळे अवलंबून आहे, आणि बाटलीवर त्याबद्दल पुरेसे लिहिलेले नसते. तामियाचा अ‍ॅक्रिलिक एक्स-२०ए मध्ये साधारण अर्धा-अर्धा करून मारला तर टवके सहज आणि टोकदार निघतात. तोच रंग लॅकर थिनरमध्ये पातळ केला तर पक्का बसतो आणि घासून घासून हात दुखतो. वायेहोचे रंग पापुद्र्यासारखे सोलतात. हूडसारख्या मोठ्या सपाट भागावर ते एखाद वेळी उपयोगी, पण दाराच्या बिजागरीपाशी त्यांचा पापुद्रा आख्खे दारच उघडे करतो. थर पातळ हवा, खालचा गंज किंचित जाणवेल इतका. रंग दिल्यावर अर्ध्या तासाने सुरू करून त्याच बैठकीत काम संपवावे. दुसऱ्या दिवशी रंग हट्टी होतो.

घासायला कापून आखूड केलेला जुना चपटा ब्रश, टूथब्रश आणि लाकडी टूथपिक. एकावेळी दोन-तीन सेंटीमीटरचा भाग ओला करावा, अर्धा मिनिट थांबावे, मग हलका हात. पाणी कोमट असेल तर काम लवकर होते, आणि अतीही लवकर होते. टवका कुठे काढायचा? माणसांचे पाय, हात, साखळ्या, फावडी जिथे लागतात तिथे: पायऱ्या, दाराचे हँडल, केबिनच्या खिडकीखालची कड, टाकीच्या झाकणाभोवती. छपराच्या मध्यावर टवके काढू नयेत. तिथे रंग घासून जात नाही, तो उन्हाने विटतो. तो परिणाम पांढऱ्या आणि पिवळ्या गेरूच्या ऑइल रंगाचे सूक्ष्म ठिपके ठेवून टर्पेंटाइनने ओल्या ब्रशने खाली ओढून आणावा. ऑइल ट्यूबमधला रंग आधी पुठ्ठ्यावर अर्धा तास ठेवला की जास्तीचे तेल शोषले जाते आणि वाळल्यावर तो चमकत नाही.

स्वस्त पर्याय म्हणून हेअरस्प्रे चालतो, अगदी साधा, सुगंधाचाच काय तो त्रास. कॅनमधून थेट मारला की थेंब मोठे पडतात आणि टवकेही मोठे येतात. झाकणात फवारून, गॅस निघून गेल्यावर एअरब्रशने मारला तर वॉर्नशी बरोबरी करतो. पैसे वाचवायचे असतील तर याच बाटलीचे वाचवावेत. मिठाची पद्धत मात्र नको. मीठ ओले करून चिकटवायचे, रंग द्यायचा, मीठ खरवडायचे हे मोठ्या स्केलला ठीक. एचओला एक दाणा म्हणजे मोठे भोक, आणि धुताना राहिलेले मीठ नंतर पांढरे फुटते. चॅसिसच्या आसपास तर त्याचा कणही नको.

स्ट्रीकिंग ग्राइम

३५ मिलीचे एनॅमल, मळकट हिरवट-तपकिरी. वाहून आलेल्या मळाच्या उभ्या रेघांसाठी. यादीत सगळ्यात कमी मेहनतीत सगळ्यात जास्त परिणाम देणारी हीच बाटली. बारीक ब्रशने वरून खाली रेघ ओढावी, दहा-पंधरा मिनिटांनी टर्पेंटाइनमध्ये बुडवून टिपलेल्या चपट्या ब्रशने दोन्ही बाजू पुसत न्याव्यात, मधला धागा उरू द्यावा. रेघ कुठूनतरी सुरू झाली पाहिजे: रिव्हेट, पत्र्याची खालची कड, पंख्याची चौकट. हवेत सुरू होणारी रेघ लगेच खोटी दिसते. ठोकलेल्या चिलखताखालून गंजाच्या रेघांसाठी त्याच कंपनीचे रस्ट स्ट्रीक्स आहे, पण तपकिरी ऑइल ट्यूबने तेच काम होते. दोन्ही घेण्याची गरज नाही.

सावधानता थिनरची. एनॅमल थिनर चिरेत साचून राहिला की ताण असलेले प्लॅस्टिक तडकते, विशेषतः कवचाचे क्लिप आणि स्क्रू बसायचे खांब. बाहेरून काही दिसत नाही, कवच परत बसवताना कट्‌ आवाज येतो. उपाय सोपा: आधी वार्निशचा पूर्ण थर, ब्रश टिपून, आणि आतल्या बाजूला एक थेंबही नाही. टर्पेंटाइन हार्डवेअरच्या दुकानातला चालतो, पण पांढऱ्या कागदावर एक थेंब टाकून बघावा. वाळल्यावर तेलकट कडे उरले तर तो कुंचले धुवायला ठेवावा, मॉडेलवर नको.

पिगमेंट

वायेहोच्या ओल्ड रस्ट, रस्ट, फ्रेश रस्ट या भुकट्या रंगाने उत्तम आहेत. कोरड्या ब्रशने हूडच्या खालच्या बाजूला आणि चिलखताच्या सांध्यात लावल्या की फोटोत इंजिन खरे वाटते. कपाटातल्या मॉडेलसाठी निःसंकोच घ्याव्यात.

धावत्या इंजिनासाठी नाही. भुकटी बोगीवर सैल राहिली की कंपनाने सुटते आणि गिअरच्या ग्रीसमध्ये जाऊन बसते. आयर्न ऑक्साइड बारीक असले तरी घासणारेच. त्याची आणि ग्रीसची पेस्ट म्हणजे पॉलिशिंगचा मसाला. चाकांच्या मागच्या बाजूला टेकणाऱ्या, करंट घेणाऱ्या पिकअप पट्ट्यांवर बसली की दिवे लुकलुकतात, इंजिन वळणावर अडखळते. त्यात काळे आयर्न ऑक्साइड चुंबकाला चिकटते, आणि मोटरमध्ये चुंबक आहे. काळी किंवा गडद तपकिरी भुकटी वापरण्याआधी चिमूटभर कागदावर ठेवून खालून फ्रिजचा चुंबक फिरवावा. भुकटी हलली तर ती चॅसिसजवळ नेऊ नये.

बोगीवर धूळ हवीच असेल तर भुकटी टर्पेंटाइनमध्ये कालवून, बोगीची बाजूची फ्रेम सुटी करून, लावावी आणि वाळल्यावर फिक्सर (भुकटी धरून ठेवणारे द्रव) द्यावा. फिक्सरने भुकटी एक-दोन छटा गडद होते, ते आधीच धरून फिकट रंग निवडावा. वर वार्निश फवारले तर अर्धी भुकटी उडते आणि उरलेली दिसेनाशी होते. बोगीला एअरब्रशने पातळ केलेला मातकट रंग मारणे हा त्याहून सरळ मार्ग, चाके हळूहळू फिरवत ठेवून, म्हणजे ठिपका एकाच जागी बसत नाही. नंतर चाकांची कड आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ.

वेदरिंग मास्टर

तामियाची ही मेकअपच्या डबीसारखी छोटी पेटी, आत तीन छटा आणि एका टोकाला स्पंज, दुसऱ्याला ब्रश असलेली काडी. रणगाडेवाले याला नवशिक्यांची गोष्ट म्हणतात. धावत्या इंजिनासाठी या यादीत हेच पहिले. भुकटीत हलका चिकटपणा असतो, त्यामुळे ती घासल्या जागी धरते आणि उडत नाही. बी पेटीत बर्फ, काजळी आणि गंज आहे. सी मध्ये नारिंगी गंज, गन मेटल आणि चांदी. एकच घ्यायची तर बी, कारण काजळी. जीपी४० च्या टर्बोचे धुराडे पंख्यांच्या पुढे आहे. त्याच्याभोवती गडद आणि मागच्या दिशेने पुसट होत जाणारी काजळी पंख्यांच्या जाळीवर पोहोचली की इंजिन जिवंत वाटते. गन मेटल पायऱ्यांच्या कडांवर, कपलरवर, नांगराच्या खालच्या ओठावर. चांदी अगदी क्वचित.

उणीव अशी की बोटाने चोळले तर निघते, आणि स्पंज लवकर झिजतो. मेकअपचा स्वस्त स्पंज कापून लावला की झाले. इंजिन उचलताना दोन्ही टोकांना, चॅसिसच्या धातूवर धरावे. हूडला हात लागू नये.

मॅट वार्निश सगळ्यात शेवटी नाही, एनॅमल वॉशनंतर (म्हणजे स्ट्रीकिंग ग्राइमनंतर) आणि वेदरिंग मास्टरच्या आधी. मुंबईत किंवा कोकणात पावसाळ्यात कॅनमधले मॅट वार्निश हवेतल्या ओलाव्याने दुधाळ होते. रंग-गंज सगळे धुक्यामागे जाते. कोरडा दिवस मिळेपर्यंत थांबावे, कॅन कोमट पाण्यात दोन मिनिटे ठेवून, पंखा बंद करून, २० सेंमीवरून झरझर हात फिरवावा.

एन स्केलवाल्यांनी यातली चिपिंगची कोणतीच बाटली घेऊ नये. १:१६० ला सर्वात बारीक टवकासुद्धा पत्रा फाटल्यासारखा दिसतो. त्यांच्यासाठी स्पंजाच्या टोकाने गडद तपकिरीचे ठिपके, स्ट्रीकिंग ग्राइम अर्ध्याने पातळ करून, आणि तामियाची बी पेटी.